पाच दिवसांची पाठवणी

परवा कामावरून येताना शेजारच्या बिल्डिंगच्या गेटाशी उंबराची फांदी टेकवून ठेवलेली दिसली. नुकतीच तोडलेली, चीक अजून ओला. बाजूला बांबू, खुर्च्यांचा ढीग, आणि लाइटच्या माळेचा गुंता सोडवत चरफडणारा एक माणूस. झालं, म्हटलं, सुरू झाली लग्नसराई. घरी येऊन कपाट उघडलं आणि वही काढली. ही वही आणि माझा पासपोर्ट एकाच खणात असतात, एकमेकांना टेकून. सहा वर्षं झाली, दोघांचं कधी भांडण नाही.

एप्रिल-मेमधल्या डोंबिवलीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. घाम, धूळ, वीज गेली की लिफ्टमध्ये अडकलेल्या काकू. मला मात्र हे दोन महिने भारी आवडतात. दुपारी चारला कुठूनतरी मोगऱ्याचा वास येतो, त्याच्या मागोमाग वडे तळल्याचा, आणि मग कुठल्याशा मैदानातून डीजेवाला 'हॅलो, हॅलो, चेक' करत अख्ख्या गावाला जागं करतो. गाव म्हणायची सवय जात नाही. ठाकुर्ली स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर आमचं गाव होतं. आता तिथे सात माळ्यांच्या इमारती आहेत आणि त्यांना नावं युरोपातली. भातशेती गेली, मिठागरं माझ्या जन्माआधीच गेली. एक गोष्ट तेवढी टिकली. आमच्या आगरी लग्नात आजही धवलारीण लागते.

धवलारीण म्हणजे धवले गाणारी बाई. मांडवाची पहिली मेढ रोवण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं एक गाणं असतं, ते ती गाते आणि तिच्या गाण्याबरहुकूम सगळं होतं. मंगलाष्टकं भटजी म्हणतात, फोटोत भटजी येतात, पण तांदळाच्या पिठाचा चौक कुठे काढायचा, हळद आधी कुणाला, पाटावर कोण कुठल्या बाजूला, हे सगळं धवलारणीच्या हातात. आमच्या गावची धवलारीण म्हणजे माझी सख्खी आत्या, हिराआत्या. चार फूट दहा इंच उंची, नऊवारी गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, आणि आवाज असा की मायक्रोफोनवाल्याचं पोटपाणी बुडावं.

लहानपणी मी तिच्या मागे बसून ओळ धरायचे. लाह्या, गूळ आणि आत्याच्या बटव्यातली सुपारी असं मिश्र खाणं चालायचं. तिथेच एक नियम मला कळला. मांडवात एकदा गायलेलं मागे घ्यायचं नाही. एका लग्नात आत्याने देवांना आवतण देताना चुकून खाडीपलीकडच्या गावदेवीचं नाव घेतलं. घरच्यांना तिची ओळख ना पाळख. पण आत्या म्हणाली, "मांडवान गायलेला पुसत नाय." झालं. नवऱ्याचा मामा नारळ, साडी आणि पानाचा विडा घेऊन, शोधत शोधत, त्या देवळात जाऊन आला. तेव्हापासून ते घर त्या देवीला दरवर्षी जातं म्हणतात. चुकीतून एक देवी मिळाली त्यांना.

मला त्या आत्याचा फार अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. अभिमान अशासाठी, की गावचे मिशीवाले बापे तिच्या एका "थांबा"वर हातातल्या अक्षता हातातच धरून उभे राहायचे. राग अशासाठी, की मांडव सुटला की तीच आत्या माजघराच्या दारात उभी राहून "चहा टाकू का?" विचारायची. माझ्या आजोबांच्या पश्चात जमिनीचे कागद झाले, तेव्हा तिने हक्कसोडपत्रावर सही केली. न वाचता. बदल्यात हिरवी साडी मिळाली. ती साडी ती अजून कौतुकाने दाखवते. मी एकदा चिडून म्हटलं, "आत्या, मांडवात एवढी दादागिरी करतेस, मग तिकडे का नाही बोललीस?"

"तिकडं माना कोन गायला बोलवलेला?" आत्या म्हणाली आणि सुपारी कातरू लागली.

तर ती लग्नसराई, सहा वर्षांपूर्वीची. माझा धाकटा भाऊ जयेश याचं लग्न ठरलं होतं, ठाण्यातल्या कोपरीच्या कोमलशी. त्याच महिन्यात आमच्या उरलेल्या जमिनीचा बिल्डरशी करार व्हायचा होता. आणि त्याच महिन्यात मला आयर्लंडच्या एका हॉस्पिटलातून नोकरीचं पत्र आलं. मी ठाण्याला एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. वय तेव्हा एकतीस. लग्न झालेलं नव्हतं, अजूनही नाही; आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत तेच शोधत बसाल.

जायचं का नाही, हे मी अर्ज केल्यापासून वर्षभर तोलत होते. इथे काही मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. घर लाडाचं होतं. पण त्या लाडाला एक कुंपण होतं. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आमच्या विभागाचा प्रमुख झाला, कारण "मॅडमना धावपळ कशाला". बघायला येणारे म्हणायचे, नोकरी करू दे, पण ठाण्यापर्यंतच. जणू ठाण्याच्या पुढे समुद्र सुरू होतो. आणि घरातलं सांगायचं तर एकच प्रसंग पुरे आहे. बिल्डरची माणसं करार घेऊन आली. इंग्रजी जड होतं, म्हणून बाबांनी मला हाक मारली. अंगणात आठ खुर्च्या, आठ पुरुष. मी उभी राहून बावीस पानं वाचली, प्रत्येक कलम मराठीत समजावलं, दोन चुकाही काढल्या. वाचून झालं तसे बाबा प्रेमाने म्हणाले, "शाब्बास. जा आता आत, आमचा बोलना होऊ दे."

बाविसाव्या पानावर वारसांची नावं होती. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, हक्क सोडणार. सहीची जागा रिकामी.

आई रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "तू तर चाललीसच ना तिकडं. मग कशाला जीव अडकवतेस? करून टाक सही. माहेर काय कुठे पळून जातंय?" तिला वाटत होतं ती माझी सुटका करतेय. माझं जाणं अचानक सगळ्यांना सोयीचं झालं होतं. खरं सांगते, मी सही करायचं ठरवलंही होतं. निघालेल्या माणसाला सही जड जात नाही. मनातल्या मनात मी बॅग भरत होते, आणि त्या बॅगेत न्यायला म्हणून आत्याचे धवले फोनवर रेकॉर्ड करत होते. संध्याकाळी ते ऐकून वहीत उतरवायचे. नवऱ्या-नवरीचं नाव येतं तिथे रिकामी जागा सोडायचे, म्हणजे कुठल्याही लग्नाला चालेल. परदेशात कुणाच्या लग्नात गाणार होते देव जाणे.

आत्या त्या वहीकडे संशयाने बघायची. "कागदावं ठेवलास तं डोक्यान कवा ठेवशील?" पण रोज एक नवीन गाणं सांगायला तीच येऊन बसायची. तिला एकदाच विचारलं, मी जाऊ का गं? ती बराच वेळ माझे केस विंचरत राहिली. मग म्हणाली, "जा. पन रुसून नको जावंस. रुसून गेलेला मानूस पोचत नाय कुठं."

हळदीच्या दिवशी अनर्थ झाला. डीजेच्या भिंतीसमोर आत्याने हट्टाने धवले गायले. डीजे हरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या उठली तर घशातून नुसती हवा. शब्दच नाही. गरम पाणी, ज्येष्ठमध, खडीसाखर, शेजारच्या काकूंचं आलं, सगळं झालं. शेवटी तिने बोट उचललं आणि माझ्याकडे दाखवलं.

एकच गलका. "लग्न न झालेली पोर धवला गाईल?" असं कुणीतरी म्हणालं. आत्याने मला खाली वाकवलं आणि कानात फुसफुसली. मी मोठ्याने सांगितलं, "आत्या विचारतेय, डॉक्टर काय आधी आजारी पडून शिकतो?" मांडव हसला आणि वहीसकट मी चौकापाशी जाऊन बसले.

पहिली दोन गाणी मी वहीत डोकं खुपसूनच म्हटली. तिसऱ्याला मागच्या बायकांनी ओळ उचलली आणि अंगातून काहीतरी सरसरत गेलं. माझ्या "थांबा"वर माझे बाबा थांबत होते! अंगणात ज्यांनी मला आत पाठवलं ते आठही जण अक्षता घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होते. घाम, हळद, वाफाळलेल्या वड्यांचा वास, आणि मधोमध मी. इतकी खूश मी क्वचितच झाले असेन.

कोपरीच्या मंडळींची धवलारीण वारल्यापासून त्यांच्याकडे ही चालच राहिली नव्हती. म्हणून मुलीकडची गाणीही, आमच्याच मांडवात, मलाच म्हणायची होती. इथेच घोळ झाला. सकाळपासून नवऱ्याची गाणी म्हणून म्हणून जिभेला जयेशचं नाव बसलेलं. पाठवणीची वेळ आली. नवरीला निरोप देण्याचं ते गाणं फार गोड आहे, आणि फार लबाड. त्यात निघणाऱ्या जिवाला सांगतात, की नवा उंबरा जपून ओलांड, नवी चूल कुठे आहे ते नजरेने शोध, मागू नकोस, रुसू नकोस, पाच दिवसांनी तुला न्यायला येऊ. रिकाम्या जागी नाव घालायचं. मी डोळे मिटले आणि उंच सुरात, मनापासून, कोमलच्या जागी जयेशला सासरी, कोपरीला पाठवलं. एकदा नाही, तीनदा.

डोळे उघडले तर सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मग कोमल हसली. हातातल्या रुमालात तोंड खुपसून, बाशिंग हलेस्तोवर हसली. तिच्यामागून सगळा मांडव फुटला. मी लाल झाले. "चुकलं, चुकलं, परत म्हणते," म्हणून वही उलटायला लागले, तोच माझ्या मनगटावर आत्याचा हात पडला. तिने तांब्यावर सुपारीचा अडकित्ता तीनदा वाजवला. मला खाली ओढून ती कानात बोलली आणि मी घोगऱ्या आवाजात जाहीर केलं, "आत्या म्हणतेय, मांडवात गायलेलं पुसत नाहीत."

"हिरा, काय मस्करी हाय काय?" बाबा उसळले. "नवरा मानूस सासरी जाल?"

आत्याने नुसतं खाडीच्या दिशेला बोट केलं. त्या देवीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मांडव सुटला नव्हता, आणि मांडवात बाबांनी बहिणीचा शब्द कधी मोडलेला नव्हता.

कोमलच्या आईची मात्र तारांबळ उडाली. "अहो, आमच्या दोन खोल्या, बाथरूमची कडी नीट लागत नाही, जावयाला ठेवू कुठे?" कोमल शांतपणे म्हणाली, "मला ठेवणार होते तसंच की गं मम्मी." आणि माहेरच्या गाडीत जाऊन बसली, उजव्या खिडकीशी, तिच्या नेहमीच्या जागेवर. जयेशने माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी शाळेच्या पहिल्या दिवशी बघितलं होतं. मी धावत जाऊन त्याची बॅग भरली. शर्ट, दाढीचं सामान, चार्जर. टॉवेल विसरले.

ते पाच दिवस आमच्या घरात काय हसलोय आम्ही! आईने तीनदा फोन करून "जेवला का गं तो?" विचारलं आणि चौथ्यांदा हातातला फोन खाली ठेवला. म्हणाली, "माझी आई पण असंच फोन करायची, दुकानातून. सासूबाई शेजारी उभ्या असायच्या." एवढंच बोलून ती कोथिंबीर निवडायला लागली. आत्याचा आवाज हळूहळू परत येत होता, आणि त्या अर्ध्या आवाजात ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमचा पोर सासरी नांदतंय." बाबा पेपरामागे.

पाचव्या दिवशी नव्या नवरीला न्यायला तिचा भाऊ जातो. पाचपरतावण म्हणतात. तेव्हा आमच्या नव्या नवऱ्याला न्यायला बहीण गेली. वड्यांची टोपली घेतली आणि जयेशचीच गाडी काढली, जिला हात लावायची मला बंदी होती. शीळफाट्यावरून ठाण्यापर्यंत काचा खाली करून मी मोठमोठ्याने धवले म्हणत गेले. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "ताई, लग्न कुठे आहे?"

कोपरीहून निघताना कोमल म्हणाली, "तुम्ही दोघं पुढे व्हा, मी संध्याकाळी मम्मीबरोबर येते." गाडीत जयेश डावीकडच्या सीटवर बसला. किल्ली मागितली नाही. मुंब्रा बायपास येईपर्यंत सीटबेल्टशी चाळा करत होता.

"कसे आहेत रे सगळे?" मी विचारलं.

"खूप चांगले गं. खूपच. आईंनी रोज माझ्या आवडीचं केलं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तायडे, तू टॉवेल नाही दिलास."

"अय्या! मग?"

"दोन दिवस सदऱ्याने अंग पुसलं. मागायला तीन दिवस लागले मला." तो खिडकीबाहेर बघत होता. "फ्रीज उघडू का, पंखा वाढवू का, सगळं विचारायचं. कोणी नाही म्हणत नव्हतं. पण आपलं म्हणून हात नाही जात." पुढे डोंगर लागला. "तू घरात कधी काय मागितलेलंस गं?"

"एकदा स्कूटी मागितलेली."

"मग?"

"तुला बाइक आली."

तो हसला नाही. डोंबिवलीचा फाटा आला तसा म्हणाला, "ती सही नको करूस."

मी गाडी बाजूला घेतली. रडू आलं तर स्टिअरिंग धरता येत नाही मला.

घरी जयेशने बाबांना सांगितलं. भांडला नाही, ओरडला नाही. "ताईचं नाव राहू दे. तिला जायचं तर जाईल, पण नाव राहू दे." बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. कराराची तारीख पुढे गेली. मग एका संध्याकाळी अंगणात पुन्हा खुर्च्या पडल्या, पुन्हा तीच माणसं, नवे कागद. बाबांनी हाक मारली. मी गेले आणि सवयीने उभी राहून वाचायला लागले. पहिलं पान संपायच्या आत पायाला काहीतरी लागलं. बाबांनी पायानेच एक खुर्ची माझ्याकडे सरकवली होती. वर बघत नव्हते. "बस," म्हणाले. "बावीस पाना हाईत." वाचून झाल्यावर मला आत जा कुणी म्हटलं नाही, आणि चहा त्या दिवशी जयेशने आणला. गार होता, साखर जास्त. मी दोन कप प्यायले.

आयर्लंडला मी गेले नाही. महिनाअखेरीला उत्तर द्यायचं होतं, नको म्हणून कळवलं. हे मी मोठा विजय म्हणून सांगत नाही, आणि कुणाला राहा म्हणूनही सांगत नाही. माझ्याबरोबरची एक जण गेली, ती मजेत आहे. तिने जायलाच हवं होतं. मला एवढंच उमगलं, की मला तिकडे पोचायचं नव्हतं, इथून सुटायचं होतं, आणि एका उकाड्याच्या संध्याकाळी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या बसल्या, ती घाई उतरली. हॉस्पिटलात मी प्रमुखपदासाठी दोनदा अर्ज केला, दुसऱ्यांदा मिळालं. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा न चुकता नवा काढून आणला. जायची वाट उघडी असली की राहायला मजा येते.

आत्या आता फारशी गात नाही. त्या करारात मिळालेल्या, माझ्या नावाची पाटी असलेल्या दुसऱ्या माळ्यावरच्या घरी, बाल्कनीत पाय पसरून बसते आणि माझ्या सुरातल्या चुका काढते. "वरती गेलीस तं उतरशील कशी? जपून." ती हिरवी साडी तिने गेल्या वर्षी मला दिली. मी नको म्हणत होते. "घे," म्हणाली, "माना त्यांनी सहीच्या बदल्यान दिली. मी तुना अशीच देतंय." मांडवात मी तीच नेसते.

तर वही काढून बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. कल्याणची मुलगी. नर्स आहे, पुढच्या महिन्यात लग्न, आणि जर्मनीचं पत्र हातात. घाईघाईने बोलत होती. "ताई, ठरतच नाहीये माझं. हे लोक चांगले आहेत, पण सगळं 'लग्नानंतर बघू' म्हणतात. बघू म्हणजे काय ते मला आमच्या घरात कळलंय. तुम्ही कोमलवहिनींच्या लग्नात केलेली ना, ती चूक… आमच्या मांडवात कराल? पाच दिवसांत मला कळेल, जायचं का राहायचं."

मी म्हटलं, "अगं, ठरवून केली तर ती चूक कशी? मग त्याला आधी विचारायला हवं."

"विचारलंय. इथेच बसलाय. स्पीकरवर आहात तुम्ही."

"बरं. पासपोर्ट कुठे ठेवलायस?"

"माझ्याच पर्समध्ये."

"तिथेच राहू दे," मी म्हटलं, आणि पेन्सिल घेऊन पाठवणीच्या गाण्यातली रिकामी जागा उघडली. "हं, सांगा नवरदेव, नाव काय?"

त्याने नाव सांगितलं. मग घसा खाकरला. "ताई, एक विचारू? मी टॉवेल घरूनच आणतो. चालेल ना?"

"नको," मी म्हटलं. "तिथे गेल्यावर माग."